दुसऱ्या अल्बममधला तिसरा आवाज

पहिल्या अल्बमला आमच्याकडे
पंचवीस वर्षं होती, साठवलेली.
दुसऱ्याला अकरा रात्री.

त्याही सातपूरच्या एका गाळ्यात.
खाली पावडर कोटिंग, वर आम्ही,
भिंतींना जुन्या गाद्या, अंड्यांचे ट्रे.
दुसरी शिफ्ट सुटून शेजारचा प्रेस थांबला
की इलियाज बोट वर करायचा :
चला, गप्प झालं गाव.

सोल म्हटलं की बाबा अजून पायाकडे बघतात.
चाळीस वर्षं शरणपूर रोडला
लोकांच्या चपलांना सोल लावून झाल्यावर
माणसानं आणखी कुठे बघावं?
"गाणंपण झिजतं का गं?"
मी म्हटलं, टाचेकडून आधी.

गळामिठी. हे आमचं नाव.
योना पुढे, कारण त्याच्या आवाजात
नेहमी कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं असतं.
हन्ना वर, पत्र्यावर चढलेल्या मांजरीसारखी, बेफिकीर.
शमुवेलदादा तळाला. नोटांच्या कारखान्यात नोकरी,
दिवसभर पैसे छापायचे
आणि रात्री चहाला माझ्याकडे दहा रुपये मागायचे.
मध्ये मी.

तिसरा आवाज म्हणजे
लग्नाच्या फोटोत नवरीमागे उभी असलेली ती,
जिचा खांदा कापला तर
नवरीच तिरकी दिसायला लागते.
शब्द नाहीत. ऊ आहे. आ आहे.
एका गाण्यात म्म, तोही ओठ मिटून.

पहिल्यात सगळंच गाऊन टाकलं होतं.
आईचं ऑपरेशन, योनाची देवळालीची मुलगी,
चर्चच्या पेटीतली ती एक मेलेली पट्टी.
लोक म्हणाले, आता पुढचं?
योना गंगापूर धरणावर जाऊन बसायचा.
कोरी वही न्यायचा, कोरी आणायचा.
शेवटी त्यानं तेच लिहिलं,
काही न सुचण्याची नऊ गाणी.
त्यातली चार बरी होती.
चौथं तर फारच.

सातव्या रात्री
इलियाजच्या बोटाखाली चुकून एक बटण दबलं.
गाणं चालूच होतं. योना तोच, हन्ना तीच.
पण हन्नानं मान वर केली.
शमुवेलदादा पंख्याकडे बघत म्हणाले, लाइट गेली?
लाइट होती.
खिडकी कुणी उघडली रे, योना म्हणाला.
गाळ्याला खिडकी नव्हती.
सगळे खोलीभर शोधत होते, काय सांडलं ते.
मला कळलं होतं.
मी कोपऱ्यात चहा पीत होते
आणि मुद्दाम काही बोलले नाही,
चांगलं दीड मिनिट.
तसा चहा पुन्हा कधी झाला नाही.

दिवाळीत अल्बम आला.
पाचशे सीड्या, त्यातल्या एकशे नव्वद
अजून योनाच्या पलंगाखाली.
पहिल्यासारखा नाही, असं जो तो म्हणाला.
खरंच होतं. दुसऱ्यासारखा होता.

मग मार्चमध्ये कधीतरी,
सीबीएसवरून नाशिकरोडची शेवटची रिक्षा.
द्वारकेला बाकीचे उतरले. मी एकटी.
आणि रिक्षावाला गुणगुणायला लागला.
चौथं.
योनाची ओळ नाही.
माझी.
तोच ऊ, आणि जिथे मी श्वास चोरला होता
तिथे त्यानंही चोरला.

साथ द्यावी म्हणून तोंड उघडलं
तर माझी जागा त्यानं घेतलेली.
बरं, योनाची ओळ घ्यावी,
तर शब्द येईनात.
अकरा रात्री त्या शब्दांना खांदा देऊन उभी होते
आणि त्यातल्या एकानंही
मागे वळून नाव विचारलं नव्हतं. मीही नाही.

बिटकोला उतरले. सुटे नव्हते.
"राहू द्या ताई, परत भेटाल तेव्हा,"
असं म्हणून त्यानं गाणं
सोडलं होतं तिथून उचललं,
अर्धा सूर खाली.

मी दुरुस्त केला नाही.